जीवाणूंचा जुळारी

खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी हा फार महत्त्वाचा माणूस असे. हस्तलिखित समोर ठेवून तो एकेक खिळा उचली आणि ओळी जुळवी. त्याची नजर बिघडली तर? हस्तलिखित बरोबर असूनही छापील पानावर भलतेच शब्द उमटतील. जीवाणूंवरील काही औषधे नेमका असाच घोटाळा करतात.

प्रत्येक जिवंत पेशीत असे असंख्य जुळारी असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. डीएनएमधील मजकुराची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, हे त्यांचे हस्तलिखित. अमिनो आम्लांचे २० प्रकार हे त्यांचे खिळे. संदेशातील तीन-तीन अक्षरे वाचायची, त्यांच्याशी जुळणारे अमिनो आम्ल आणणारा वाहक आरएनए निवडायचा आणि ते आम्ल साखळीत गुंफायचे, असे हे काम. ही साखळी म्हणजेच प्रथिन. जीवाणूचा रायबोसोम सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्ले जोडू शकतो!

आपल्या पेशींतही रायबोसोम असतात. पण त्यांची घडण वेगळी असते. आपला रायबोसोम ८० एस, तर जीवाणूचा ७० एस. वेगाने फिरणाऱ्या नळीत कण किती लवकर खाली बसतो, ते ‘एस’ या एककाने सांगतात. जीवाणूच्या रायबोसोमचे ३० एस आणि ५० एस असे दोन भाग असतात. बेरीज ८० का होत नाही? कारण बसण्याचा वेग केवळ वजनावर नव्हे, तर आकारावरही अवलंबून असतो.

औषधाची करामत

१९५७ साली जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून कॅनामायसिन हे प्रतिजैविक मिळवल्याचे जाहीर केले. ते ३० एस भागात, जेथे संदेश वाचला जातो तेथेच जाऊन बसते. योग्य वाहक आला की तेथील दोन अॅडेनिन घटक बाहेर वळून जणू ‘बरोबर!’ अशी खूण करतात. औषध बसले की चुकीचा वाहक आला तरी ही खूण होते. मग सदोष प्रथिने तयार होतात. ती पेशीच्या आवरणात शिरली की आवरण गळू लागते. अखेर जीवाणू मरतो.

पण जीवाणूंनीही तोड काढली. काही जीवाणूंतील विकर कॅनामायसिनच्या एका हायड्रॉक्सिल गटावर फॉस्फेट चिकटवते आणि औषध निकामी होते. उमेझावांच्या गटाने १९६७ मध्ये हे उघड केले. मग त्यांनी सरळ विचार केला: फॉस्फेट जेथे चिकटतो ती खुंटीच काढून टाकली तर? त्यातून १९७१ मध्ये डायबेकासिन तयार झाले. १९७२ मध्ये जपानमधीलच दुसऱ्या गटाने उलट मार्ग धरला. त्यांनी कॅनामायसिनला एक शेपटी जोडली. तिच्यामुळे अनेक विकरांची पकड बसत नाही. रायबोसोमवर मात्र औषध नीट बसते. हेच अमिकासिन.

मोजावी लागणारी किंमत

आपल्या पेशींतील तंतुकणिकांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात. तेथेही या औषधांचा उपद्रव होतो. कानातील संवेदी पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन् महिने द्यावी लागत. त्यात कित्येक रुग्ण बरे झाले, पण बहिरे झाले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षयरोगावर कॅनामायसिन वापरू नये, अशी शिफारस केली.

त्याच वर्षी अमेरिकेत प्लाझोमायसिन या सुधारित औषधाला मान्यता मिळाली. बहुतेक विकरांना ते चकवते. तथापि काही जीवाणूंनी औषधाऐवजी स्वतःचा रायबोसोमच बदलला आहे. औषध बसण्याच्या जागी ते एक चिमुकला मिथिल गट लावतात. जुळाऱ्याचे काम चालू राहते, औषधाला मात्र जागा उरत नाही.

ही युक्ती नवी नाही. अशी औषधे बनवणारे मातीतील सूक्ष्मजीव स्वतःच्या विषाने मरत का नाहीत? याच मिथिल गटाने त्यांनी आपला रायबोसोम फार पूर्वीच सुरक्षित केला आहे! रसायनशास्त्रज्ञाने औषधात एखादा गट बदलावा आणि जीवाणूने रायबोसोमवर एखादा गट लावावा, असा हा डाव अजून चालूच आहे.