छद्म अनुबोधपट : संकेतार्थ आणि स्वार्थ

अनुबोधपटाची सर्व बाह्य लक्षणे धारण करूनही मुळात कल्पित असलेली कृती म्हणजे छद्म अनुबोधपट. तिचा विषय युद्ध असेल तेव्हा समीक्षेपुढील प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. दाखविलेला मृत्यू खरोखर घडला काय, हे आधी विचारावे लागते.

या प्रकाराचे अभिजात उदाहरण म्हणजे पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’. इंग्लंडमधील केंट परगण्यावरील कल्पित अण्वस्त्रहल्ला त्यात हौशी नट, हातात धरलेला कॅमेरा आणि वार्ताहरी निवेदन यांच्या साहाय्याने उभा केला आहे. बीबीसीने १९६५ मध्ये त्याचे प्रक्षेपण रोखले आणि ते थेट १९८५ मध्ये केले. मधल्या काळात, १९६७ मध्ये, या कल्पित कृतीला अनुबोधपटासाठीचे ऑस्कर मिळाले. कोणी तिला प्रचार म्हटले, तर कोणी थोर कृती; तथापि फसवणुकीचा आरोप तिला चिकटला नाही. कारण तिचे निवेदन ‘हल्ला झाला तर’ या अटीवर उभे आहे. व्याकरणाच्या परिभाषेत ते संकेतार्थी आहे.

मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षाच्या वेळी नोएडाच्या फिल्म सिटीतील काही वृत्तवाहिन्यांसह देशातील अनेक वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याचे सांगितले. तसे घडलेले नव्हते. कार्यक्रमांतून हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत होते. नित्य कानी पडल्याने नागरिक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतील, म्हणून त्यांचा वापर टाळावा, असे नागरी संरक्षणाच्या केंद्रीय महासंचालनालयास १० मे रोजी माध्यमांना कळवावे लागले. साधने वॉटकिन्स यांच्याच जातीची. मात्र ‘तर’ गळाला होता आणि विधान स्वार्थी झाले होते.

अशा प्रक्षेपणांना छद्म अनुबोधपट म्हणण्याचा मोह समीक्षेने टाळावयास हवा. ते म्हणजे त्यांना कल्पिताचे अभय देणे होय. मराठीत याचा दाखला जुना आहे. १७६१ च्या पानिपतचे कथन करणाऱ्या बखरींची वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये अस्सल पत्रांच्या आधारे कठोर चिकित्सा केली. तरीही ललित गद्य म्हणून बखरीचे मोल टिकले, कारण ‘बखर’ या नावातच वाचकाला एक वाङ्मयप्रकार ओळखू येतो. ‘बातमी’ला असे दुसरे घर नाही. म्हणून तिला लावावयाची कसोटी रसग्रहणाची नव्हे, तर राजवाड्यांच्या साधनचिकित्सेची आहे.