राणीचे सात डबे

परवा लोणावळ्याजवळ मालगाडीत एक डबा दिसला. खिडक्या पत्र्याने बुजवलेल्या, पोटात नव्या मोटारी. डेक्कन क्वीनचाच असेल असं नाही, पण त्याच घराण्यातला. पेरंबूरच्या कारखान्याने २०१८ साली या जातीचा शेवटचा डबा बाहेर काढला आणि २०२२च्या जूनमध्ये राणीलाही एलएचबी डबे लागले. नवे डबे सुरक्षित आहेत, मान्य. मला मात्र ते पाहिले की कुणीतरी आपल्या वाड्याच्या जागी सोसायटी बांधल्यासारखं वाटतं.

माझा संबंध छोट्या, मॉडेलच्या डब्यांशी. आधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. चावीची गाडी, मग शिक्षण, मग नोकरी. खरी गोष्ट १९९५ची. त्या वर्षी राणीला एअर ब्रेकचे नवे डबे मिळाले आणि आम्हा चौघा-पाच जणांना दर रविवारी जमून ती गाडी घरात आणायची खुमखुमी आली.

प्रमाण ८७ला एक. २१.३ मीटरचा डबा २४५ मिलिमीटरचा होतो, रुंदी ३७. हिशेब सोपा, जागा अवघड. १७ डब्यांची गाडी बफर धरून ४ मीटर ३५ सेंटिमीटर भरते आणि माझी खोली १० बाय १२ फुटांची. मी सात डब्यांवर तोडगा काढला. १९३० साली राणी सुरू झाली तेव्हा सातच डबे होते, हे कारण पुढे करून अब्रू राखली. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर पूर्ण लांबीचा डबा कोपर बाहेर काढून चालतो, म्हणून काही जण लांबी चोरायचे. आम्ही त्यांना हसायचो.

खिडक्यांना धुतलेली एक्स-रे फिल्म, बॅटरीच्या पेटीला रिफिलचे तुकडे, चाकं जर्मनीहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. खिडकीचे गज प्रमाणात बसवायचे तर केसाइतके बारीक. एका डब्याच्या गजांत माझा एक पावसाळा गेला.

आमच्यात एक अभियंता होता, खिशात व्हर्निअर बाळगणारा. रात्री दोनपर्यंत जागून केलेली बाजू तो डोळ्यांजवळ धरायचा आणि म्हणायचा, "खिडक्या अर्धा मिलिमीटर वर गेल्यात." मग मी ती पुन्हा कापायचो. बायको म्हणायची, "अहो, गाडी पळायला लागली की कुणाला दिसणार आहे?" मला तो अडाणीपणा वाटे. दहा वर्षांत या गृहस्थांचा स्वतःचा दीड डबा झाला. एकदा मी त्याला सुनावलं, की आपले रूळच खोटे आहेत. १६.५ मिलिमीटरचा हा रूळ युरोपच्या १४३५च्या गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे रूळ १९.३ हवा. पायाशी पावणेतीन मिलिमीटरची लबाडी आणि खिडकीशी अर्ध्याचा हट्ट! पुढचे दोन रविवार तो आला नाही.

आमच्यातच एक किराणा दुकानदार होता. पुठ्ठ्यावर रंगवलेला कागद चिकटवून तो महिन्याला एक डबा काढायचा. लांबी चोरलेली, गज पेनाने ओढलेले. त्याला आम्ही 'पुठ्ठेवाला' म्हणायचो. मी तर जास्तच. पण त्याची पूर्ण गाडी दिवाळीत धावायची आणि गल्लीतली पोरं त्याच्याकडे जमायची. माझ्याकडे पाहुणे यायचे ते कपाटातला डबा बघायला. 'हात लावू नका' हे मी 'या, बसा'च्या आधी म्हणत असे.

२००५च्या सुमारास रविवार मोडले. कुणाची बदली, कुणाचे गुडघे, माझी मुलं दहावी-बारावीला. आता मुलाचा मित्र आराखडा संगणकाला देतो आणि यंत्र रात्रभरात डबा छापून ठेवतं. गजही नेमके. त्याचा मला राग येतो आणि त्या रागाचं कारण तो पोरगा नाही, हेही कळतं.

माझे सहा डबे झाले. सातवी डायनिंग कार. तिच्या एका अंगाला भटारखाना, दुसऱ्या अंगाला बोळ, त्यामुळे दोन्हीकडच्या खिडक्या वेगळ्या. टेबलं-खुर्च्यांसह एक बाजू पूर्ण झाली आणि रविवार संपले. दुसरी बाजू अजून कोरं पांढरं प्लॅस्टिक आहे. गाडी गोल फिरते तेव्हा रंगवलेली बाजू बाहेर, नातवंडांकडे असते. आतली फक्त मला दिसते, मधे स्टुलावर बसून कंट्रोलर फिरवताना.