भिंत बंद होण्यापूर्वी

बेळगावच्या कॅम्पातील झाडांच्या सावलीचे रुंद रस्ते आणि कुंपणापलीकडच्या लष्करी इमारती आमच्या भागातील प्रत्येकाने बाहेरून पाहिलेल्या असतात. १९२२ सालापासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे असल्यामुळे निपाणीपासून खानापुरापर्यंतच्या कित्येक घरांतील मुलगे त्या आवारात जवान म्हणून घडले. परंतु तशाच घरांतील दुसरे मुलगे गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी म्हणून लष्करी आवारांत जात आले आहेत, याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. एका कंत्राटदाराकडे हजेरीचा कारकून म्हणून अशा एका बांधकामावर मी काही काळ काम केले. त्या इमारतीची जागा, रचना वा प्रयोजन येथे सांगणे उचित नव्हे; परंतु बंदोबस्ताची वास्तू उभी राहत असताना तिची राखण कोणत्या रीतीने होते, हे सांगण्याजोगे आहे.

ही राखण पाया खणण्याच्या कितीतरी आधी, कागदावर सुरू होते. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याचे बंधन करारनाम्यानेच कंत्राटदाराच्या गळ्यात पडते आणि त्याच्यामार्फत शेवटच्या पाटीवाल्यापर्यंत पोहोचते. नकाशांच्या प्रतींवर क्रमांक असत, प्रत्येक प्रत सही घेऊन दिली जाई आणि काम संपल्यावर मोजून परत घेतली जाई. फाटकी, चुन्यामातीने माखलेली प्रतसुद्धा टाकून देण्याची मुभा नसे. मजुरांच्या चारित्र्याचा दाखला ज्याच्या त्याच्या गावच्या ठाण्यातून यावा लागे, आणि येथे आमच्या सरहद्दीच्या मुलखाची सारी गुंतागुंत उघड होई. चंदगड तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर तो कोल्हापुरात गेला. त्यामुळे एकाच घरातील वडिलांचा दाखला बेळगाव जिल्ह्याचा आणि मुलाचा कोल्हापूरचा असा प्रकार निघे. शिधापत्रिकेवर कानडी लिपीत उमटलेले आडनाव शाळेच्या मराठी दाखल्यावरील आडनावाशी अक्षरशः जुळत नसे. २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाल्यावर जुन्या व नव्या कागदांतील तफावतीत आणखी एक भर पडली. माणूस तोच, घर तेच, गावची वेसही तीच. परंतु दोन राज्यांच्या दप्तरांत तो एकच असल्याचे सिद्ध करण्यास कधी कधी आठवडे लागत, आणि तोवर त्याची मजुरी बुडे.

परवाना हाती आल्यानंतर रोजची परीक्षा दरवाजावर होई. मोबाइल फोन तेथेच जमा होत. डबा उघडून दाखवावा लागे. हत्यारांची नोंद होई. पहाऱ्यावरचा हवालदार ओळीने विचारी, "मामा, आज काय काय हाय?" आणि पिकल्या मिशांचा गवंडी पिशवी पुढे करून सांगे, "दोन थाप्या, एक ओळंबा, एक गुण्या. लिवा, साहेब." संध्याकाळी तीच यादी उलट वाचली जाई, आणि एखादी थापी कमी भरली तर ती सापडेपर्यंत सारी टोळी दरवाजाशी बसून राही. सकाळी जितकी माणसे आत गेली तितकीच बाहेर आली पाहिजेत, हा हिशेब माझ्या हजेरीपटावरून, पहाऱ्याच्या वहीवरून आणि भांडाराच्या जमाखर्चावरून असा तीन ठिकाणांहून पडताळला जाई. हे तिन्ही कागद एकाच हाती कधीही नसत, यातच त्या व्यवस्थेचे मर्म होते.

ही दृष्टी आपल्या मुलखाला नवी नाही. शिवकालीन किल्ल्यावर हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व जमाखर्च आणि कारखानिसाकडे कोठाराचा बंदोबस्त वाटून दिलेला असे, जेणेकरून एकाच्या फितुरीने गड पडू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात तर गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानला आहे; चोरदिंड्या राखाव्यात, परंतु नित्याच्या राबत्याला लागतील तेवढ्याच वाटा मोकळ्या ठेवून उरलेल्या चिणून टाकाव्यात, असा आदेश तेथे आहे. वाट चिणणारा गवंडीच त्या वाटेचे स्थान जाणतो, हे सत्य तेव्हाच्या राज्यकर्त्यांना जितके उमगले होते तितकेच आजच्या अभियंत्यांनाही उमगावे लागते.

परंतु खरी कसोटी लागते ती जे झाकले जाणार त्याच्या पाहणीत. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांची जाळी, त्यांतून गेलेल्या विजेच्या नळ्या आणि त्यांची तोंडे नकाशाशी ताडून पाहिली जात. गिलाव्याच्या आधी भिंतीतील प्रत्येक खाच, प्रत्येक भोक मोजले जाई. नकाशात नसलेली एखादी नळी दिसली तर काम तेथेच थांबे, मग ती प्लंबरने केवळ सोयीसाठी टाकलेली का असेना. जो अधिकारी आमच्या कामावर देखरेख ठेवी, तो सही करण्यापूर्वी स्वतः परांचीवर चढून, बॅटरी हाती घेऊन, कोपऱ्यात वाकून पाही; ओतकाम चालू असतानाही तो जागा सोडत नसे. त्याची ती चिकाटी आम्हांस प्रारंभी जाचक वाटे. पुढे तिचे कारण कळले.

या सावधगिरीत कसूर झाली तर काय घडते, याचे ठळक उदाहरण मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीचे आहे. १९७९ साली तिचे नवे काम सुरू झाले तेव्हा काँक्रीटचे खांब व तुळया जागेवर न ओतता, अमेरिकनांच्या देखरेखीबाहेर सोव्हिएत कारखान्यांत तयार करून आणल्या गेल्या. १९८५ साली त्या घटकांच्या पोटातच चोरून ऐकण्याची यंत्रे आढळली आणि काम बंद पडले. अखेरीस वरचे मजले उतरवून अमेरिकेहून आणलेल्या कामगारांकडून ते नव्याने बांधावे लागले, आणि इमारत वापरात येण्यास २००० साल उजाडले. एक विटांचा ट्रक किंवा तयार खांब आवारात घेताना तो कोठे बनला आणि वाटेत कोणाच्या हाताखालून आला, हे विचारणे ही किरकिर नसून पहिली संरक्षक फळी आहे, हे त्या एका इमारतीने जगाला शिकविले.

ही सारी शिस्त आवश्यक आहे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. मात्र तिचा खर्च कोण सोसतो, याचा विचार झाला पाहिजे. पहाटेची एस.टी. गाठून आलेला मजूर दरवाजाशी रांगेत तिष्ठतो, संध्याकाळी हत्यारांची मोजणी होईपर्यंत खोळंबतो आणि त्याची मजुरी मात्र कामाला हात लागल्यापासून हात थांबेपर्यंतच धरली जाते. देशाच्या सुरक्षेसाठी त्याने दिलेला हा वेळ त्याच्या पोटातून काढला जातो. बांधकामाच्या निविदा काढणाऱ्या आणि भरणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे, की तपासणीचा वेळ अंदाजपत्रकात स्वतंत्र कलम म्हणून धरावा, सरहद्दीवरील मजुरांच्या दाखल्यांची पडताळणी काम सुरू होण्यापूर्वी पुरेशा अवधीत उरकावी, आणि मजुराची हजेरी दरवाजावर नाव पुकारले जाते त्या क्षणापासून मांडावी. ज्याच्या हातांवर बंदोबस्ताच्या भिंतीचा भरवसा टेकलेला आहे, त्याची मजुरी बुडवून ती भिंत उभी राहू नये.