माशांच्या पिलांनाही बाळसे हवे

पावसाळ्यात शेततळे भरते आणि रोहू, कटला, मृगळाचे बीज आणण्याची घाई सुरू होते. बीज पाण्यात सोडले की काम झाले, असे अनेकांना वाटते. दिवाळीनंतर जाळे ओढावे, तर हाती येतात थोडे आणि तेही खुरटलेले मासे! बीज, प्रवास, मेहनत सारे पाण्यात जाते. लहानपणीची आबाळ पुढे महागात पडू शकते. मूल काय, वासरू काय नि मासा काय, नियम एकच.

पिलांचे पहिले अन्न म्हणजे पाण्यातले बारीक जीव. शेणखताने ते वाढतात. पण तेवढ्यावर भागत नाही. भुईमुगाची पेंड व भाताचा बारीक कोंडा समभाग घेऊन वरखाद्य द्यावे. १० ग्रॅमच्या १,००० बोटुकल्या म्हणजे १० किलो वजन. त्याच्या शेकडा ५ प्रमाणे रोज ५०० ग्रॅम खाद्य झाले. त्यात शेकडा १ म्हणजे ५ ग्रॅम खनिज मिश्रण घालावे. दर पंधरवड्याला काही मासे धरून वजन करावे व त्याप्रमाणे खाद्य वाढवावे.

आता जीवनसत्त्वांचे पाहू. ‘क’ जीवनसत्त्व ही पिले स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाहीत. ते कमी पडले तर कणा वाकडा होतो, जखमा भरत नाहीत आणि रोगाशी झुंजण्याची ताकद घटते. उष्णतेने ते नाश पावते. म्हणून खाद्य शिजवले असल्यास ते निवल्यावरच जीवनसत्त्वाची भुकटी मिसळावी. प्रमाण पुडीवर दिल्याप्रमाणे ठेवावे.

पेंड रात्री भिजवून सकाळी गोळे करावेत व टोपलीत ठेवून पाण्यात सोडावेत. दोन तासांनी टोपली पाहावी. खाद्य उरले तर दुसऱ्या दिवशी कमी द्यावे, कारण कुजलेले खाद्य पाण्यातला प्राणवायू खाते. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवून ताजे पाणी सोडावे.

घरच्या लक्ष्मीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बुरशी लागलेली पेंड ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून तळ्यात टाकू नये. त्या बुरशीचे विष पिलांचे यकृत बिघडवते.

आणि रोग दिसला तर मनानेच औषध टाकू नका. क्लोरॅमफेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना मत्स्यशेतीत बंदी आहे. आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.

ताजी पेंड, चिमूटभर खनिजे आणि रोजची नजर एवढे केले, तर तळे तुमचे कष्ट वाया जाऊ देणार नाही.