पोरीला घेऊन दुसऱ्या गावी जायचंय, पण बाप नाही म्हणतो

समजा, नवरा-बायको वेगळे राहतात. पोरगी आईजवळ, चिखलीत. आईला पुण्यात नोकरी लागली. बाप म्हणतो, "तू जा, पोरीला न्यायचं नाही." मग?

आपल्याकडे लगेच कुणीतरी सांगतं, "पाच वर्षांखालचं मूल आईचंच!" हे अर्धंच खरं. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा एवढंच म्हणतो, की असं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. आणि त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सगळ्यांत वर ठेवलंय. आईच्याही वर, बापाच्याही वर.

आता पुण्याचीच एक केस ऐका. आईला कंपनीकडून पोलंडला जायची संधी आली. मुलगी नऊ वर्षांची, आईजवळच वाढलेली. बापाचा विरोध: पोरगी माझ्यापासून तुटेल, शिवाय शेजारी युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने परवानगी नाकारली. आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२२ मध्ये न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी परवानगी दिली, पण मोकळी नाही. सुट्ट्यांमध्ये मुलीला भारतात आणायचं, बापाला भेटू द्यायचं, एरवी व्हिडिओ कॉल. नोकरी करणं हा आईचा हक्क, आणि बाप-लेकीचं नातंही टिकलं पाहिजे. कोर्टाने दोन्ही धरलं. मला विचाराल तर या निकालात खरं वजन भेटींच्या व्यवस्थेला आहे.

म्हणून चिखलीच्या त्या आईने सामान बांधायच्या आधी अर्ज करावा. ताब्याचा आदेश जिथून झाला, त्याच कोर्टात. सोबत नोकरीचं पत्र, नवी शाळा, आई कामावर असताना पोरीला कोण बघणार, आणि बाप कधी, कुठे भेटणार, हे सगळं तारखांसकट लिहून द्यावं. बाप पोरीला नेणार असेल, तर त्यालाही हेच लागू.

गुपचूप निघून गेलं तर? १८९०च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल सामान्यतः जिथे राहतं, तिथल्या कोर्टात दावा चालतो. म्हणजे पुण्यात राहून बुलढाण्याच्या तारखा! आदेश मोडून नेलं असेल तर अवमानाची भानगड वेगळीच.

वकिलाची फी परवडत नाही? बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.