साखरेच्या गोळीने वजन उतरते काय?

शहाड स्टेशनच्या पुलावर एका भगिनीने आम्हांस गाठले. म्हणाल्या, "दादा, आमच्या ह्यांना साखरेची गोळी चालू आहे. तिनं वजन उतरतं म्हणतात. त्यातली एक रोज मी घेतली तर?"

आम्ही म्हटले, "ताई, घेऊ नका. आधी नीट ऐका."

त्या गोळीचे नाव मेटफॉर्मिन. १९५७ साली फ्रान्सच्या डॉ. ज्यां स्टर्न यांनी मधुमेहावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. आपल्या शरीरातील पेशींत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. ही गोळी त्या थोड्या मंद करते. पेशीवर ताण येतो. पगार लांबला की घरची बाई खर्च आवरते, मागची शिल्लक काढते. तशी पेशी चरबी साठवणे आवरते व साठलेली वापरू लागते. शिवाय ताणातल्या पेशी जीडीएफ-१५ नावाचे प्रथिन सोडतात. ते मेंदूमार्फत भूक कमी करते. मेटफॉर्मिनने हे प्रथिन वाढते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणूनच या जुन्या, स्वस्त गोळीकडून लठ्ठपणावर काम करून घेता येईल काय, हे शास्त्रज्ञ तपासत आहेत.

पण फळ किती? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ जणांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००२ साली आले. गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.१ किलो उतरले. बेताचा आहार आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे ५.६ किलो! मधुमेहाचा धोका गोळीने ३१ टक्के, तर आहार-व्यायामाने ५८ टक्के घटला.

आपण बारीक आहोत म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. म्हणून शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन साखर तपासून घ्या.

मूत्रपिंड फार बिघडलेल्या माणसाला हीच गोळी जिवावर बेतू शकते. नवऱ्याची चिठ्ठी बायकोला चालत नाही. डॉक्टरांनी तपासून दिली, तरच घ्यावी.

त्या ताई आता रात्रपाळीच्या डब्यात भात कमी, भाजी जास्त भरतात. आणि रोज संध्याकाळी दोघे मिळून चालायला निघतात.