शिवनेरीवरचा यवनाचा भोजनमंडप

रायपूरच्या सदर बाजारातलं एखादं मराठी कुटुंब सुट्टीत गोव्याला आलं आहे आणि एका संध्याकाळी शिवोलीच्या ‘थलासा’ या ग्रीक उपाहारगृहात जेवायला बसलं आहे, अशी कल्पना करा. समोर चक्क्यासारख्या घट्ट दह्यात कालवलेली काकडी नि लसूण, वांग्याचा मुसाका, बाजूला लिंबाची फोड. घरातलं चौकस पोर विचारतं, “बाबा, ग्रीक लोक आपल्याकडे पहिल्यांदा कधी आले?” बाबा सिकंदराचं नाव घेतात. पण सिकंदर इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये पंजाबातूनच मागे फिरला; मराठी मुलखात त्याचं पाऊलही पडलं नाही. खरं उत्तर जुन्नरला, शिवनेरीच्या कातळात कोरलेलं आहे. आणि ते नेमकं जेवणाबद्दलच आहे!

शिवनेरी म्हटलं की १६३० साल आणि शिवजन्म डोळ्यांपुढे येतो, आणि तो यायलाच हवा. पण तिथे किल्ला होण्याच्या कितीतरी शतकं आधी त्या डोंगराच्या कड्यांत बौद्ध भिक्षू राहत होते. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा असे जुन्नरभोवतीचे डोंगर धरले तर लेण्यांची संख्या दोनशेच्या आसपास जाते. एका गावाभोवती इतकी लेणी! त्यातल्या शिवनेरीवरच्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख आहे. लेख कसला, जेमतेम सहा शब्द. त्यांचा अर्थ असा: गतांपैकी चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला.

यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आणि पुढे सैलपणे पश्चिमेकडून आलेला कुणीही. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी अशा एका माणसाने आपल्या पैशाने सह्याद्रीच्या कातळात जेवणाचं दालन खोदवून घेतलं. स्वतःसाठी नव्हे, भिक्षूंसाठी. हे वाचल्यावर पुढचं काही सुचायला थोडा वेळ लागतो.

हा चिट होता तरी कोण? नाव तर इथलंच वाटतं. काही संशोधकांच्या मते हे लोक इजिप्तकडून आलेले ग्रीकभाषक व्यापारी होते, काहींच्या मते पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहून इथलेच झालेले. लेखातल्या ‘गत’ लोकांवरून स्टेन कोनो या विद्वानाने तर थेट युरोपातल्या गॉथ टोळ्यांचा संबंध सुचवला होता! मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते असं, की हा माणूस दान इथल्या धर्माला देतो, इथल्या भाषेत देतो, आणि तरीही आपण यवन असल्याचं ठळकपणे कोरून ठेवतो. लपवावंसं त्याला काही वाटलं नाही, आणि खटकावं असं इथल्या लोकांनाही काही वाटलं नाही.

तो एकटा नव्हता. शिवनेरीवरच इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलात की दोन्ही बाजूंना जे देखणे खांब दिसतात, त्यांतले कित्येक धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने अख्खं लेणंच कोरवलं. मला मात्र ओढ लागते ती चिट आणि इरिल यांचीच. मूर्ती नाही, कळस नाही. एकाने पाण्याची सोय केली, दुसऱ्याने जेवणाची.

पण भूमध्य समुद्राच्या अंगाची माणसं जुन्नरपर्यंत पोहोचली कशी? याचं उत्तर आकाशात आहे. कोकणातल्या कोळ्यांना मतलई आणि खारे वारे चांगले ठाऊक असतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावतो. रात्री नेमकं उलट. मोसमी वारे म्हणजे बराचसा हाच खेळ, फक्त दिवस-रात्रीच्या जागी उन्हाळा-हिवाळा आणि एका किनाऱ्याच्या जागी अख्खा आशिया खंड. अर्धं वर्ष वारा भारताकडे ढकलतो, अर्धं वर्ष भारताकडून. हे कोडं ज्या खलाशाला उलगडलं त्याला किनारा धरून महिनोन्‌महिने रखडायची गरजच उरली नाही. शीड उभारायचं आणि खुल्या समुद्रात घुसायचं!

इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून गलबतं जुलैत निघत. तांबड्या समुद्राच्या तोंडापासून केरळच्या मुझिरिस बंदरापर्यंत चाळीस दिवस लागतात, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. म्हणजे पावसाळ्याचा वारा तर मिळायचा, पण किनाऱ्याला लागेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असायचा. केवढा हिशेब! परतीचा वारा डिसेंबर-जानेवारीत. मधले दोन-तीन महिने माल विका, माल घ्या, घाट चढून वर या.

त्या व्यापाराची एक वहीच आपल्या हाती आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर कुणा अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ वाचायला घ्या आणि ओळखीची गावं भेटू लागतात: भडोच, सोपारा, कल्याण, पैठण, तेर. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून तेर आणखी दहा दिवसांवर. कल्याणचा तर अगदी ताज्या बातमीसारखा इशारा आहे, की तिथे चुकून ग्रीक गलबत लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात! सत्तांची रस्सीखेच चालू होती आणि आयात-निर्यातीची जकात कुणी घ्यायची हाच प्रश्न होता. येणाऱ्या मालात द्राक्षांची दारू, तांबं, पोवळं, काच. जाणाऱ्यात हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी. शिवाय सोन्या-चांदीची परदेशी नाणी इथल्या चलनात बदलली की नफा होतो, असंही तो नोंदवतो. सदर बाजारातल्या सराफाला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

जुन्नर या वाटेवर नेमकं कुठे? सोपारा-कल्याणहून देशावर चढायचं तर नाणेघाट, आणि घाट चढून पुढे आलं की जुन्नर. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आजही आहे, आणि वर जो दगडी रांजण दिसतो तो जकातीचा असं लोक सांगतात. बैलांच्या पाठीवर लादलेला भूमध्य समुद्राकडचा माल घाटावर पोहोचला याचा पुरावा मातीतूनही निघतो. नेवाशाच्या उत्खननात अँफोरा जातीच्या कुंभांची खापरं सापडली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटीशी कांस्यमूर्ती मिळाली. समुद्रदेव, आणि तो पंचगंगेच्या काठी!

हे अँफोरा मोठे हुशारीचे. बूड निमुळतं, त्यामुळे गलबताच्या पोटात एकाच्या खांद्यांमध्ये दुसरा घट्ट बसतो; ओतताना तेच टोक हाताने धरता येतं. दारू झिरपू नये म्हणून आतून राळ फासत. राळेची चव दारूत उतरे. आज गळक्या कुंभांचा प्रश्नच उरलेला नाही, तरी ग्रीक लोक ‘रेत्सिना’ नावाच्या दारूत पाइनची राळ मुद्दाम घालतात, कारण ती चव आता जिभेवर बसली आहे.

आता भोजनमंडपात परत येऊ. चिटाच्या दालनात संध्याकाळची पंगत कधीच बसली नसणार. भिक्षूंच्या नियमाप्रमाणे दुपारनंतर जेवण वर्ज्य. भिक्षा मागून आणायची आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत उरकायचं. असं एकत्र बसणं कसं असेल ते वेरूळच्या पाच क्रमांकाच्या लेण्यात थोडंफार डोळ्यांपुढे येतं. ते बरंच नंतरचं, पण शंभर फुटांहून लांब दालनात दगडाचे दोन बुटके, सलग ओटे समोरासमोर कोरलेले आहेत. भिक्षू तिथे जेवत किंवा पाठ करत, असं अभ्यासक मानतात.

आणि अन्न? चिटाच्या काळी ना जुन्नरला मिरची होती, ना ग्रीसमध्ये टोमॅटो. बटाटा दोन्हीकडे नव्हता. ही सगळी मंडळी अमेरिकेतून, कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच जगभर पसरली. उलट मुसाक्यातलं वांगं मूळचं आपल्या बाजूचं; ते अरबांच्या हातून पश्चिमेला गेलं. लिंबूही असंच पूर्वेकडून गेलेलं.

दानाचा प्रवासही एकाच दिशेचा नव्हता. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खनन करणाऱ्यांना भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली, तीही तिथल्या देवळात. मग भूमध्य प्रदेशातल्या संगमरवरात घडवलेली बुद्धमूर्ती मिळाली. आणि कळस म्हणजे, इसिस देवीच्या देवळातला इसवी सन २४८ च्या सुमाराचा, संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतला एक लेख: वसुल नावाच्या क्षत्रियाचं दान! इकडे यवन भिक्षूंना जेवू घालतो, तिकडे क्षत्रिय परक्या देवळात दान देतो.

शिवजन्मस्थान पाहायला शिवनेरीवर जाल, तेव्हा ही लेणीही पाहा. काहींच्या वाटा अवघड आणि निसरड्या आहेत. पाऊस संपल्यावर जा आणि जुन्नरचा माहितगार बरोबर घ्या. फोटोत अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी फिरवू नका, आणि दुसरं कुणी फिरवत असेल तर त्याला थांबवा. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूने धरलेल्या विजेरीच्या उजेडात ती तशीही वाचता येतात.